शाळेची विद्या, विद्यापीठाची जमा

इ. स. १८५९ च्या आक्टोबर महिन्यांत मुंबई विद्यापीठानें आपली पहिली प्रवेशपरीक्षा घेतली. तिला मॅट्रिक्युलेशन असें लांबलचक विलायती नांव होतें. लोकांनीं तें लवकरच खुडून 'मॅट्रिक' एवढेंच ठेविलें. शंभरावर उमेदवार बसले आणि त्यांतून उत्तीर्ण झाले ते अवघे वीसबावीस. या वीसबावीसांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. एवढी हकीकत बहुतेक सुशिक्षितांच्या ऐकिवांत असते. तिची दुसरी बाजू मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. भांडारकर हे १८५३ च्या सुमारापासून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें शिकत होते. विद्यापीठाची पहिली परीक्षा होण्यापूर्वींच त्यांचा तेथील कॉलेजचा अभ्यास आटोपला होता आणि पेशवाईंतील दक्षिणेच्या पैशांतून चालणारी 'दक्षिणा फेलो' ही नेमणूकही त्यांस मिळाली होती. म्हणजे जो तरुण कॉलेज संपवून खालच्या वर्गांस शिकविण्याच्या पायरीवर पोहोंचला होता, त्यालाच शाळेंतून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या मुलांच्या रांगेंत बसून प्रवेशाची परीक्षा द्यावी लागली. पुढें १८६१ मध्यें एफ्. ए., १८६२ मध्यें बी. ए. आणि १८६३ मध्यें एम्. ए. अशा पायऱ्या त्यांनीं ओळीनें चढल्या. आधींचीं पांच-सहा वर्षें मात्र विद्यापीठाच्या वहींत कोठेंच जमा झालीं नाहींत.

त्या काळीं याविषयीं कोणी मोठीशी तक्रार केली असें दिसत नाहीं. नवें दुकान उघडणारा जसा जुन्या दुकानाची उधारी मानीत नाहीं, तसेंच हें झालें. परंतु त्या दिवशीं जो प्रश्न दारांत उभा राहिला, तो आज दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं तरी दारांतच उभा आहे. विद्यार्थी बाहेरून जें शिकून येतो तें आंत गेल्यावर जमेस धरावयाचें कीं नाहीं, धरावयाचें तर किती, आणि तें ठरविण्याचा अधिकार कोणाचा ? महाराष्ट्रांतील उच्च शिक्षणाच्या इतिहासाकडे या एकाच प्रश्नाच्या अंगानें पाहिलें तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. जमाखर्च बदलत गेला तो विद्येच्या मगदुराप्रमाणें नव्हे. परीक्षा कोणाच्या हातीं, यावर तो बदलत गेला.

१८५४ सालच्या वुडच्या खलित्यांत हिंदुस्थानांत विद्यापीठें स्थापण्याची सूचना झाली आणि १८५७ मध्यें कलकत्ता, मुंबई व मद्रास येथें तीं उभीं राहिलीं. मुंबईच्या विद्यापीठाचा कायदा त्या वर्षीं १८ जुलै रोजीं झाला. नमुना घेतला होता लंडन विद्यापीठाचा, आणि लंडन विद्यापीठ त्या वेळीं शिकविणारें नव्हतें, परीक्षा घेणारें होतें. तेव्हां मुंबईच्या विद्यापीठालाही आरंभीं वर्ग नव्हते, कीं अध्यापक नव्हते. शिकवावयाचें कॉलेजांनीं, आणि तपासावयाचें विद्यापीठानें. ज्या संस्थेचें सारें अस्तित्वच परीक्षेवर उभें आहे, ती दुसऱ्यानें घेतलेली परीक्षा प्रमाण मानील ही अपेक्षाच व्यर्थ होती. शाळेच्या अखेरची परीक्षासुद्धां विद्यापीठानें आपल्याच हातीं घेतली. चार वर्षें मराठी शाळेंत आणि सात वर्षें इंग्रजी शाळेंत, अशीं अकरा वर्षें विद्यार्थी शाळेंत घालवी. पण त्या अकरा वर्षांवर शिक्का मारी तें विद्यापीठ. हेडमास्तरांच्या शब्दाला दाराशीं किंमत नव्हती.

या व्यवस्थेचा भार कोणावर पडला हें समजण्यास मुंबईहून उत्तरेकडे जाणारा लोहमार्ग डोळ्यांपुढें आणावा. पहिल्या मॅट्रिकच्या वेळीं आगगाडी कल्याणच्या पुढें वाशिंदपर्यंतच पोहोंचली होती. आसनगांवास ती १८६० मध्यें गेली, कसाऱ्यास १८६१ च्या आरंभीं, आणि थळ घांट चढून इगतपुरीस १ जानेवारी १८६५ रोजीं. तेव्हां १८५९ मध्यें नाशकाकडील एखाद्या मुलास परीक्षेला यावयाचें झालें असतें, तर त्याला घांट उतरून कसारा, उंबरमाळी, खर्डी या रानांतील मुलुखांतून आग्रा रस्त्यानें पायीं किंवा बैलगाडीनें वाशिंद गांठावें लागलें असतें, आणि मग तेथून गाडी. उंबरमाळीसारख्या गांवच्या मुलाची तर गोष्टच नको. शहापूर आणि मुरबाडच्या त्या डोंगरपट्टींत इंग्रजी शाळेची सातवी इयत्ताच दृष्टीच्या पलीकडची होती. याच शहापूर तालुक्यांतील तानसा तलावाचें पाणी १८९२ मध्यें नळांवाटे मुंबईस पोहोंचलें. तालुक्यांत कॉलेज येण्यास मात्र त्यानंतर पुष्कळ दशकें जावीं लागलीं. पाण्याला उतार होता, विद्येला चढ होता, असें म्हणून तें सोडून द्यावें लागतें.

परीक्षेचीं केंद्रें वाढलीं तीं सावकाश. १८८७ मध्यें मोहनदास करमचंद गांधी मॅट्रिकला बसले तेव्हां मुंबई आणि अहमदाबाद अशीं दोन केंद्रें त्यांस उपलब्ध होतीं. काठेवाडांतले विद्यार्थी जवळचें आणि स्वस्त म्हणून अहमदाबाद पसंत करीत. गांधींनींही तेंच केलें. त्यांची पुढची हकीकत तर या विषयाला अगदीं नेमकी लागू पडते. विलायतेंत बॅरिस्टरीचा अभ्यास चालूं असतां, त्याला आवश्यक नसूनही, आपलें सामान्य ज्ञान वाढावें म्हणून त्यांनीं लंडन विद्यापीठाची मॅट्रिक देण्याचें ठरविलें. मुंबईची मॅट्रिक खिशांत होती. पण लंडनच्या मॅट्रिकला बसावयाचें तर लॅटिन शिकणें आलें, फ्रेंच शिकणें आलें, एक शास्त्र शिकणें आलें. १८९० च्या आरंभीं ते बसले आणि लॅटिनमध्यें राहिले. एका विषयांत राहिले म्हणून परीक्षाच राहिली. पुन्हा सारे विषय द्यावयाचे. दुसऱ्या खेपेस त्यांनीं रसायनाच्या जागीं उष्णता आणि प्रकाश हा विषय घेतला व त्याच वर्षीं जूनमध्यें ते उत्तीर्ण झाले. एका विषयांत घसरला कीं बाकीच्या विषयांतील यश वाया, हा जो कडक नियम मुंबईच्या मुलांनीं पिढ्यान्‌पिढ्या भोगला, त्याचें मूळ घराणें हें असें लंडनचें होतें. पुढें कालांतरानें ज्या विषयांत चांगले गुण मिळाले त्यांत पुन्हा बसण्यापासून सूट देण्याची चाल पडली. 'एक्झेम्प्शन' हा शब्द मराठी घरांत शिरला तो तेव्हां, आणि नापास मुलाच्या आईला त्या शब्दाचा जेवढा आधार वाटे तेवढा दुसऱ्या कशाचाही वाटत नसे.

मॅट्रिकच्या पुढेंही तोच न्याय. पहिल्या चौघां पदवीधरांनीं — रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक यांनीं — मॅट्रिकनंतर तीन वर्षांत बी. ए. केलें. पुढें हा काळ चार वर्षांचा झाला. एफ्. ए. गेली, प्रीव्हियस आली, इंटर आली. पण प्रत्येक परीक्षेला बसण्यापूर्वीं कॉलेजांत टर्म भरल्याचा दाखला हवा. एखाद्यानें घरीं बसून किंवा एखाद्या विद्वान् शास्त्र्याच्या पायांपाशीं बसून संस्कृतांत कितीही प्रावीण्य मिळविलें असलें, तरी त्याचें वर्ष कमी होत नसे. फार तर त्याला बक्षीस मिळे. मॅट्रिकला संस्कृतांत पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यासाठीं नाना शंकरशेट यांच्या नांवाची शिष्यवृत्ति होती. १९१२ मध्यें कुलाबा जिल्ह्यांतील चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांनीं परीक्षेंत पहिला क्रमांक आणि ही शिष्यवृत्ति दोन्ही मिळविलीं. तिचा मान केवढा मोठा ! पण कॉलेजच्या पहिल्या वर्षांत संस्कृताच्या वर्गाला इतरांप्रमाणें बसणें कोणालाच चुकलें नाहीं. मुंबई विद्यापीठ हुशारीचा गौरव करी, हिशेब करीत नसे.

स्त्रियांच्या बाबतींत दारच बंद होतें. तें १८८३ मध्यें उघडलें. पण उघडलेल्या दारांतून जाणें ज्यांच्या घरच्या परिस्थितींत शक्य नव्हतें, त्यांच्यासाठीं धोंडो केशव कर्वे यांनीं १९१६ मध्यें निराळेंच विद्यापीठ काढलें. त्याची प्रवेशपरीक्षा स्वतःची, शिक्षणाचें माध्यम मातृभाषा, आणि पदवीचें नांवही देशी — गृहीतागमा. कर्व्यांच्या धैर्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्या मुलींच्या धैर्याविषयीं मात्र त्या मानानें थोडेंच. या विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळण्याचा योग १९४९ च्या कायद्यानें आला, आणि तो अमलांत आला १९५१ मध्यें. मधल्या तीन तपांत ज्या मुलींनीं गृहीतागमा ही पदवी मिळविली, त्यांनीं सरकारी मान्यतेची खात्री नसलेली पदवी समजूनउमजून पत्करली. त्यांचें शिक्षण खरें होतें, शाळाशाळांतून त्या शिकवीतही होत्या. पण सरकारच्या वहींत त्यांच्या नांवापुढें रकाना कोरा.

याच्या उलट उदाहरण मराठवाड्याचें. तेथील मुलें उस्मानिया विद्यापीठाच्या छत्राखालीं, उर्दू माध्यमांतून शिकत. १९३८ च्या नोव्हेंबरांत औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजांतील विद्यार्थ्यांनीं वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हक्क सोडण्यास नकार दिला. चळवळ हैदराबादपर्यंत पसरली आणि शेंकडों विद्यार्थ्यांस काढून टाकण्यांत आलें. इतर विद्यापीठांचीं दारें त्यांना लागलेलीं होतीं. तेव्हां कुलगुरु केदार यांच्या कारकीर्दींत नागपूर विद्यापीठानें त्यांना आंत घेतलें. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकींच एक. दुसऱ्याच्या विद्यार्थ्याला आपला म्हणणें हा कारकुनी निर्णय नसतो, हें या एका प्रसंगावरून जसें स्पष्ट होतें तसें कोणत्याही नियमावलीवरून होत नाहीं. निझामाच्या सरकारचा रोष पत्करून नागपूरनें हें केलें.

आतां थोडें बाहेर पाहावयास हवें, कारण मुंबईनें ज्याचा कित्ता गिरविला तें लंडन याच सुमारास बदललें होतें. इंग्लंडमध्यें पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस शाळांसाठीं दोन परीक्षा आल्या : स्कूल सर्टिफिकेट आणि तिच्यापुढची हायर स्कूल सर्टिफिकेट. पहिलींत ठराविक विषयांत 'क्रेडिट' म्हणजे विशेष श्रेणी मिळाली कीं लंडन विद्यापीठाची मॅट्रिक माफ होई. दुसरींत ती मिळाली तर विद्यापीठाची इंटरमीजिएट परीक्षाही माफ होऊं शके. शाळेंत केलेलें काम विद्यापीठाच्या खात्यावर जमा ! १९५१ मध्यें या परीक्षांच्या जागीं साधारण आणि ॲडव्हान्स्ड अशा पातळ्यांच्या परीक्षा आल्या, तरी तत्त्व तेंच राहिलें. गुरूनें आपला पाठ बदलला, शिष्य मात्र जुनाच पाठ घोकीत बसला, असा हा प्रकार होता.

हिंदुस्थानांत कोणालाच हें दिसत नव्हतें असें नव्हे. कलकत्ता विद्यापीठाची चौकशी करण्यासाठीं मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखालीं १९१७ मध्यें नेमलेल्या मंडळानें १९१९ मध्यें साफ सांगितलें कीं, शाळा आणि विद्यापीठ यांमधील सीमारेषा मॅट्रिकवर नको, इंटरवर हवी. इंटरपर्यंतचें शिक्षण विद्यापीठाकडून काढून स्वतंत्र बोर्डाकडे द्यावें, आणि पदवीचा अभ्यास त्यापुढें तीन वर्षांचा असावा. संयुक्त प्रांतानें १९२१ मध्यें असें बोर्ड केलें. दिल्ली विद्यापीठानें १९४३ मध्यें इंटर काढून टाकून तीन वर्षांची पदवी सुरू केली. मुंबई इलाख्यांत मॅट्रिकची गादी ढळली नाहीं. ढळावी तरी कशी ? मॅट्रिक ही एव्हांना केवळ प्रवेशपरीक्षा राहिली नव्हती. ती नोकरीची पात्रता होती, लग्नाच्या बोलण्यांतला मुद्दा होती, आणि 'नॉन-मॅट्रिक' हें तर एक स्वतंत्र सामाजिक पद होऊन बसलें होतें. विद्यापीठांत कधींच पाऊल न टाकणारे हजारों तरुण विद्यापीठाचीच परीक्षा देत, कारण शाळा संपल्याचा दुसरा मानाचा पुरावा नव्हता. कॉलेजास जाणाऱ्या थोड्यांसाठीं बनविलेलें मापच न जाणाऱ्या बहुतांना लावलें गेलें, आणि त्या मापानें जे कमी भरले ते जन्मभर नापास म्हणवून घेत राहिले. या सबंध इतिहासांतली सर्वांत मोठी नुकसानी कोणती, असें विचारल्यास ती हीच म्हणावी लागेल.

अखेर १९४८ मध्यें मुंबई सरकारनें शालान्त परीक्षेचा कायदा केला, पुण्यास बोर्ड स्थापन झालें, आणि १९४९ मध्यें पहिली एस्. एस्. सी. झाली. नव्वद वर्षांनीं शाळेची शेवटची परीक्षा विद्यापीठाच्या हातून सुटली. शंकरशेट शिष्यवृत्तिही परीक्षेबरोबरच नव्या घरीं आली. लोकांनीं मात्र या नव्या परीक्षेलाही पुढें कित्येक वर्षें मॅट्रिकच म्हटलें. नांव सुटत नाहीं, हें स्वाभाविकच. पण विद्यापीठाची पकडही एकदम सुटली नाहीं. एस्. एस्. सी. उत्तीर्ण होणें एक, आणि कॉलेजप्रवेशास पात्र असणें दुसरें, असा भेद उरला. कोणते विषय घेतलेले असावेत हें विद्यापीठ ठरवी. शाळा संपली याचा निकाल बोर्डाकडे आला होता, कॉलेज सुरू होण्याचा निकाल विद्यापीठाकडेच होता.

मग १९६० मध्यें महाराष्ट्र राज्य झालें, तेव्हां या एका राज्यांत शाळान्त परीक्षेच्या तीन परंपरा एकत्र आल्या. पश्चिम महाराष्ट्रांत पुण्याचें बोर्ड, विदर्भांत मध्यप्रांताच्या बोर्डाचा वारसा, मराठवाड्यांत हैदराबादचा. एका जिल्ह्यांतून दुसऱ्या जिल्ह्यांत बदली झालेल्या सरकारी नोकराच्या मुलानें कोणत्या इयत्तेंत बसावें, याचें उत्तर साहजिकच सोपें नसे. १ जानेवारी १९६६ पासून राज्याचें एकच बोर्ड कामास लागलें.

या विषयांतला सर्वांत नाट्यमय फेरफार त्यानंतरच्या दशकांतला आहे, आणि त्याकडे जितकें लक्ष जावयास हवें तितकें गेलेलें नाहीं. मुदलियार मंडळानें १९५२-५३ मध्यें, आणि कोठारी मंडळानें १९६४-६६ मध्यें, शाळेचा कालावधि वाढवून पदवी तीन वर्षांची करण्याचा सल्ला दिला. जुन्या पद्धतींत मुंबई विद्यापीठाचा पदवीधर अकरा वर्षें शाळेंत आणि चार वर्षें कॉलेजांत काढी, एकूण पंधरा. नव्या पद्धतींत दहावी, मग दोन वर्षें, मग पदवीचीं तीन. एकूण पुन्हा पंधराच. महाराष्ट्रांत नवी दहावी १९७५ मध्यें झाली, आणि मागोमाग बारावीची परीक्षा आली. एकूण वर्षें तेवढींच राहिलीं, पण मधली भिंत सरकली. जुन्या पद्धतींत कॉलेजचें पहिलें वर्ष म्हणून जें बारावें वर्ष मोजलें जाई, तें नव्या पद्धतींत शाळेच्या खात्यावर गेलें. पुष्कळ ठिकाणीं कॉलेज तेंच, खोली तीच, फळ्यासमोर उभे असलेले प्राध्यापक तेच, आणि फळ्यावरचा द्विपद सिद्धान्तही तोच. एका वर्षीं तो विद्यापीठाची विद्या होता. दोन-तीन वर्षांनीं तो बोर्डाची विद्या झाला. 'ज्युनिअर कॉलेज' हें नांव या गोंधळाचें उत्तम स्मारक आहे : नांवानें कॉलेज, परीक्षेनें शाळा. कोठें तें शाळेला जोडलेलें, कोठें वरिष्ठ कॉलेजाला. ज्ञानाच्या दृष्टीनें शाळा कोठें संपते हें कोणी सांगूं शकत नाहीं. परीक्षकाच्या दृष्टीनें मात्र तें तारीखवार सांगतां येतें.

जवळजवळ त्याच पिढींत अमेरिकेनें या प्रश्नाला निराळेंच वळण दिलें होतें. तेथें शाळा आणि कॉलेज दोन्हींकडे हुशार मुलें तोच अभ्यास दोनदां करतात, अशी तक्रार पन्नाशीच्या आरंभीं झाली. त्यावर उपाय म्हणून शाळेंतच कॉलेजच्या दर्जाचे वर्ग चालवून त्यांची समान परीक्षा घेण्याचा प्रयोग सुरू झाला. १९५५ मध्यें कॉलेज बोर्ड या संस्थेनें ती व्यवस्था हातीं घेतली. तिला ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट म्हणतात. प्रत्येक विषयाला एक ते पांच अशी श्रेणी मिळते. ती श्रेणी किती मोलाची हें मात्र परीक्षा घेणारी संस्था ठरवीत नाहीं. तें ज्या त्या विद्यापीठानें ठरवावयाचें. एकाच मुलीची तीच श्रेणी एके ठिकाणीं सबंध सत्राचें काम म्हणून जमा होते, दुसऱ्या ठिकाणीं तिला फक्त वरच्या वर्गांत बसण्याची मुभा मिळते, तिसऱ्या ठिकाणीं कांहींच मिळत नाहीं. तेथें गेलेल्या मराठी कुटुंबांतल्या मुलामुलींना हा हिशेब घरच्या वाणसामानाच्या यादीइतका पाठ असतो, कारण जमा झालेलें प्रत्येक सत्र म्हणजे वाचलेली फी. शाळेची परीक्षा आणि विद्यापीठाची मान्यता यांची अशी उघड फारकत करण्यांत एक प्रामाणिकपणा आहे. पण त्यांत विद्यार्थ्याची धांदलही आहे, हें विसरतां येत नाहीं.

महाराष्ट्रांत अशी जमा कोठेंच होत नाहीं काय ? होते; पण ज्या वाटेनें होते ती सुशिक्षित घरांत फारशी मानाची समजली जात नाहीं. दहावीनंतर तंत्रनिकेतनांत तीन वर्षांची पदविका घेतलेला विद्यार्थी अभियांत्रिकीच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षांत प्रवेश घेऊं शकतो. त्याचें पहिलें वर्ष माफ होतें. बारावी शास्त्र करून आलेला विद्यार्थी मात्र पहिल्या वर्षापासून आरंभ करतो, मग त्यानें बारावींत गणितांत शंभरपैकीं शंभर मिळविलेले कां असेनात. त्याच्या गुणांचा उपयोग दारापर्यंतच. एके काळीं त्या गुणांवरच अभियांत्रिकी व वैद्यकाचा प्रवेश ठरे. सामायिक प्रवेशपरीक्षा आल्यापासून ते मुख्यतः पात्रतेपुरते उरले. म्हणजे १८५९ च्या मॅट्रिकप्रमाणें दारांत पुन्हा एक निराळी परीक्षा उभी राहिली.

गेल्या कांहीं वर्षांत केंद्र सरकारनें हिशेबाची भाषाच बदलली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्यें श्रेयांकांची पेढी निघाली. विद्यार्थ्यानें एका संस्थेंत मिळविलेले श्रेयांक तींत ठेवावयाचे आणि दुसऱ्या संस्थेंत वापरावयाचे, अशी कल्पना. २०२३ मध्यें जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यांत तर शाळाही धरली आहे. तीस तासांच्या अभ्यासाला एक श्रेयांक, वर्षाच्या बाराशें तासांना चाळीस. पांचवी पहिल्या पातळीवर, आठवी दुसऱ्या, दहावी तिसऱ्या, बारावी चौथ्या. शाळेचें काम आणि विद्यापीठाचें काम एकाच नाण्यांत मोजण्याचा हा या देशांतला पहिलाच मोठा प्रयत्न. पेढी हा शब्द मोठा सूचक आहे. पेढींत पैसा ठेवणें सोपें असतें. हुंडी दुसऱ्या गांवीं वटते कीं नाहीं यावर पेढीची पत ठरते. बारावीचे चाळीस श्रेयांक पदवीच्या श्रेयांकांतून वजा होत नाहींत. बारावी ही चौथी पातळी, पदवीचें पहिलें वर्ष त्याच्या वरची पातळी. तेव्हां वजाबाकीचा प्रश्नच येत नाहीं, असें याचें उत्तर आहे. उत्तर तर्कशुद्ध आहे. परंतु ज्या मुलानें बारावींतच पहिल्या वर्षाच्या गणिताइतकें गणित आत्मसात् केलें, त्याला तें तपासून पाहा असें म्हणण्यास आजही खिडकी नाहीं.

ज्याला गाडीभाडें आणि दिवस मोजून शिकावें लागतें, त्याला ही खिडकी सर्वांत जास्त हवी. उंबरमाळीस आतां स्थानक आहे. खर्डी आणि कसारा यांमध्यें लोकल तेथें थांबते, आणि हा सारा पट्टा अजून मुंबई विद्यापीठाच्याच कक्षेंत आहे. शहरांतल्या घरांत मुलाचें एक वर्ष अधिक गेलें तर हळहळ होते; कसाऱ्याच्या गाडीनें रोज कल्याण गांठणाऱ्या मुलाचें तें गेलें तर पुष्कळदां शिक्षणच सुटतें. तंत्रनिकेतनाची वाट अशा मुलांना अधिक जवळची वाटते ती केवळ नोकरी लवकर लागते म्हणून नव्हे. तेथें केलेलें काम पुढें मोजलें जाईल ही खात्री प्रवेशाच्या दिवशींच मिळते, आणि पुढें शिकण्याची ऐपत आलीच तर पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरतां येतो.